रिबनसमोर श्वास रोखून

३ मार्च

आज तो उघडला! रिबन माइक, सत्तर वर्षांचा, एका जुन्या स्टुडिओतून दुरुस्तीला आलेला. जाळीच्या आत दोन लोहचुंबक आणि मधोमध टांगलेली ॲल्युमिनियमची पट्टी — केसाहून पातळ, बारीक चुण्यांची. बोललं की हवा हलते, हवेने ती हलते, आणि त्यातून आवाज! एवढ्याशा चिटोऱ्यातून!

कुणी वर्षानुवर्षं आडवा ठेवला, म्हणून पट्टी लोंबली आहे. मास्तर म्हणाले, "नवी तू बसव." माझा चाचणीचा महिना शनिवारी संपतो. म्हणजे ही परीक्षाच. जमलं तर दुकानात कायम, नाहीतर घरी.

शिवाय नेहमीचं — "समोर बघून बोल! जमिनीला काय सांगतेस?" आज तीनदा.

४ मार्च

नियम वहीत उतरवले. माइक उभाच ठेवायचा. फुंकर मारून तपासायचा नाही. लोखंडी हत्यार जवळ न्यायचं नाही, चुंबक हातातून हिसकावून घेतो. पंखा बंद. पुढून ऐकतो तितकंच मागून ऐकतो. फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी बहिरा.

मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, दारातून डोकावून म्हटलं, "नव्या नवरीचेसुद्धा एवढे लाड केले नव्हते हो तुम्ही!" मास्तरांनी चुंबक पुसताना मानही वर केली नाही. मलाच हसू आवरेना.

६ मार्च

घात झाला. दातेरी चाकांतून चुण्या पाडल्या, पितळी चिमट्याने पट्टी उचलली, एक टोक बसलं — आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. पट्टी उडाली! दिव्याच्या काचेला लागून फाटली. आता एकच उरली.

लगेच सांगितलं. मान खाली घालून, म्हणून पुन्हा सांगावं लागलं, वर बघून. मास्तर म्हणाले, "श्वास सोडायचाय ना? आधी दाराबाहेर जाऊन सोडून ये." बस्स, एवढंच! ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी बाबा पोट धरून हसले. "घरातली पहिली शिकलेली पोर, आणि काम काय? श्वास रोखायचं!" मला जेवण गेलं नाही.

७ मार्च

बसली!!

मास्तरांनी हेडफोन माझ्याच कानांवर चढवले. "तू ऐक. मग मला सांग." मी रेकॉर्डिंगची टेप सुरू केली आणि माइकसमोर माझी वही वाचू लागले — माइक उभाच ठेवायचा... तो माझाच आवाज होता? आयुष्यभर मला चिरका वाटलेला? कुठे टोचत नव्हता. पान उलटलं, तर कागदाची जाडी ऐकू आली! खरंच, जाडी. डोळे भरून आले, वाचता येईना.

"कसा आहे?" मी उत्तरपत्रिका लिहावी तसं सगळं सांगितलं — खर्ज, श्वास, कागद. मास्तर माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते, परीक्षकासारखे. मग म्हणाले, "सोमवारपासून किल्ली तुझ्याकडे."

९ मार्च

सकाळी कुलूप मीच उघडलं. माइक न्यायला माणूस येण्याआधी परवाची टेप पुन्हा ऐकली. मी पान उलटते, त्या क्षणभराच्या शांततेत माइकच्या मागून, दाराकडून, परवा माझ्या ध्यानातच न आलेली काकूंची कुजबूज — "येतंय का हो काही ऐकू?"

आणि मास्तर, "नाही गं. आता काहीच नाही. पण तिचा चेहरा बघ. माइक एकदम झकास झालाय."

दार वाजलं. मास्तर आले. मी उठले, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, आणि मान वर करून सावकाश बोलले.