वाढलेलं माप

९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तू शिवलेले बूट मला होईनासे झालेत. हसू नकोस. दोन वर्षांपूर्वी पायात अलगद बसायचे, आता दुपारपर्यंत करंगळी बधिर होते.

सगळं तुलाच सांगतो, बाबांना सांगायची लाज वाटते. फेब्रुवारीत घरी येऊन तुम्हा दोघांसमोर बोललो, की मला तुम्ही मुलगी म्हणून वाढवलंत खरं, पण मी मुलगा आहे. चौतीस वर्षं हे स्वतःपासूनही दडवलं, आता दडवणार नाही. त्यानंतर काहीतरी सुरू झालंय. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात मी दिवसाला दीडशे फोन घेतो. पूर्वी लोक 'अहो मॅडम' म्हणून खेकसायचे, आता 'अहो साहेब' म्हणून खेकसतात. जबडा रुंद झालाय, बोटं जाड झालीत, आणि दर महिन्याची कटकट चार महिने आलेली नाही (हे वाचून तू डोळे मिटणार, मीट). औषध एकही घेतलेलं नाही. शरीर पुरुषाचं करणाऱ्या उपचारांसाठी नाव नोंदवलंय, पण तिथे वर्षभराची रांग आहे. मला आपलं वाटतं, मी एकदाचं खरं बोललो आणि शरीराने ऐकलं. वेडेपणा असेल, पण इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. डोकं मात्र फार दुखतं. कानावर दिवसभर फोनचा पट्टा असतो, त्याने असेल.

सोबत पायाचा आकार कागदावर काढून पाठवतोय. नवा जोड करून पाठव. बाबांना नमस्कार सांग. बहिणीवर लोभ होताच, तो आता धाकट्या भावाच्या नावावर करून टाक.

तुझा,
धाकटा


२७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. ('धाकट्यास' लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं. नोंद घे.)

दुकानात टपाल बाबा फोडतात हे तू विसरलास. पत्र त्यांनी वाचलं नाही, माझ्या हातात दिलं. कागद तेवढा उलगडला, फळीवरून स्वतःच्या पायाचा लाकडी फर्मा काढला आणि त्या आकारावर ठेवला. सुताभराचा फरक निघाला. मग गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, बापाचा जोडा मुलाच्या पायात यायला लागला की मुलाला मित्र मानावं. आणि हसले. धाकट्या, बाबा हसले! आई गेल्यापासून त्यांना हसवायला मी काय काय करून पाहिलं ते तुला ठाऊक नाही.

मी चाळिशी गाठली. लहानपणी त्यांचे जोडे घालून दुकानभर फटक फटक हिंडायचो. आजही घातले तर पुढे अंगठाभर जागा उरते. आवाजाचं म्हणशील, तर फोनवर नवं गिऱ्हाईक मला विचारतं, बाई, दुकानात कुणी पुरुषमाणूस आहे का. चाळीस वर्षं मी या घरातला एकुलता एक मुलगा होतो आणि ते काम मला धड जमलं नाही. तू सहा महिन्यांपूर्वी मुलगा झालास आणि पहिल्या नंबराने पास. जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

तेव्हा स्पष्ट विचारतो: कुठून तरी चोरून औषधं घेतोयस ना? असं आपोआप काही होत नसतं. आणि आकार काढताना पेन्सिल तिरकी धरलीस, त्याने माप फुगतं. जुन्याच मापावर जोड शिवला आहे. चामडं वापराने सैल होतं, जरा धीर धर.

लोभ आहे, थोडा आंबट झालाय इतकंच.

दादा


४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जोड मिळाला. शिलाई सुरेख, माप चुकीचं. धीर धर म्हणालास म्हणून पंधरा दिवस नेटाने वापरला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. मग मला माझीच शंका यायला लागली. सकाळी आरशासमोर उभा राहून जबडा चाचपायचो, की हे सगळं मी मनानेच रचलंय का. तुझं माप चुकत नाही हा माझा लहानपणापासूनचा विश्वास, म्हणून मी माझा पाय खोटा ठरवला. ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो, दादा.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट दाबून, पेन्सिल सरळ उभी धरून आकार काढून दिला. तो पाठवतोय. बाबांच्या फर्म्याला आता तंतोतंत बसेल. आणि औषधाचं विचारलंस, तर तुझी शपथ, गोळी नाही की सुई नाही.

अलीकडे मी फार धांदरट झालोय. दाराची चौकट खांद्याला आपटते, बाजूने माणूस आलेला कळत नाही. काल आमच्या साहेबांना धडकलो आणि त्यांचा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला. बाई म्हणाल्या, पुरुष झालास तसा समोरचं न दिसण्याचा रोगही लागला. सगळे हसले, मीही हसलो. बाबांचं पत्र आलं होतं. सुट्टीत दुकानात येऊन काम शीक म्हणतात. तू माझ्यावर रागावलायस का? असशील तर तसं लिही, पण लिही.

आंबट तर आंबट, लोभ असू दे.

धाकटा


२९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचलंस की आधी डॉक्टरकडे जा. शिव्या मला नंतर दे.

वय झालं की पाय पसरतो, चवडा रुंद होतो. हे मी रोज बघतो. पण चौतिसाव्या वर्षी पाय असा भराभर लांब होत नाही. आईच्या आजारपणात बाबा दवाखान्यात असायचे आणि दुकान मी एकटा सांभाळायचो, तेव्हा एक चौकीदार माझ्याकडे यायचा. दर खेपेला त्याचं माप वाढलेलं. हनुवटी पुढे आली होती, अंगठी बोटात रुतली होती, आणि दुकानाच्या दारात तो हटकून धडकायचा. मी त्याची थट्टा करायचो. पुढे त्याच्या बायकोकडून कळलं, की डोक्यात, नाकाच्या पाठीमागे एका ग्रंथीवर गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. कळायला उशीर झाला. बिचाऱ्याची नजर गेली ती गेलीच.

हे मला २७ ऑगस्टलाच आठवलं होतं. तुझी पेन्सिल तिरकी नव्हती. पण बाबा त्या कागदाकडे बघून हसत होते आणि मी जळत होतो. तू औषधं घेतोस असं मानणं सोयीचं होतं, म्हणून मानलं. जोड जुन्या मापावर शिवला तो मुद्दाम. तुझा पाय बाबांच्या पायाएवढा झालेला मला बघवत नव्हता. नंतर तुझ्या पत्रातला तो सांडलेला चहा वाचला आणि चौकीदार डोळ्यांसमोर उभा राहिला. तरी जवळजवळ दोन महिने घालवले, कारण डॉक्टरकडे जा असं लिहायचं तर वरचं सगळंही लिहावं लागणार होतं. हा कागद पाचव्यांदा लिहितोय.

उद्याच जा. लोभ असू दे म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.

दादा


१८ डिसेंबर

दादास,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

गाठ आहे. तू म्हणालास तिथेच. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. दोन्ही कडांची नजर गेली आहे आणि थांबलो तर उरलेलीही जाईल. नाकातून ऑपरेशन करतात. दहा जानेवारीची तारीख ठेवली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

का ते ऐक. या शरीराशी माझा चौतीस वर्षं अबोला होता. यंदा ते पहिल्यांदा माझ्याशी बोललं असं वाटलं. आता कळतंय, ते बोलत नव्हतं, कण्हत होतं. गाठ काढली की हाता-चेहऱ्याची सूज उतरेल आणि महिन्याची पाळीही कदाचित पूर्ववत होईल, असं बाई म्हणाल्या. पेढे वाटायची बातमी असावी अशा आनंदाने म्हणाल्या. मी मान हलवली आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. मला जगायचंय, मला दिसायला हवंय. पण आरशातला तो माणूस मला इतक्या वर्षांनी भेटला होता, त्याला माझ्याच सहीने घालवून देऊ?

आणि जळण्याचं म्हणशील, तर तू चार महिने जळलास. तुझा आवाज फुटला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. सगळे तुला हसले आणि तू चिडून बाहेर निघून गेलास. मी आतल्या खोलीत घसा बसेपर्यंत तसा आवाज काढून बघत होतो. तेव्हापासून जळतोय तुझ्यावर. पण म्हणून तुझ्या वाटेत काटा नाही पेरला मी कधी.

धाकटा


२३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही, पण मोठा आहे, देतो.

बाबांना सगळं सांगितलं. हातातली आरी खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं, ऑपरेशनची तारीख तेवढी विचारली आणि पिशवी भरायला घेतली. माझ्याशी बोलत नाहीत. शेजाऱ्याला सांगून मला निरोप पाठवतात, आणि मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो.

तुझं पत्र घेऊन इथल्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तीन तास बसलो आणि तिथल्या डॉक्टरांना विचारलं. सूज उतरेल, ते खरं. पण वाढलेलं हाड परत आखडत नाही. जबडा राहील, पाऊल राहील. आवाज थोडाफार चढला तर चढेल. आणि तू ज्या उपचारांसाठी रांगेत उभा आहेस, ते आधी ही गाठ मार्गी लागल्याशिवाय कुणी शहाणा डॉक्टर सुरू करणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणजे तुला जिथे जायचंय तिथली वाट याच ऑपरेशनवरून जाते. आरशातला तो माणूस गाठीने आणलेला नाही, धाकट्या. तो फेब्रुवारीत आमच्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याचे पाय लहानच होते. मी बघितलाय त्याला.

हो म्हण. माझ्यासाठी नको, मला काही मागायचा हक्क नाही. बाबांना मात्र आंधळ्या मुलाला जोडे घालायला लावू नकोस.

दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. (साष्टांग नाही. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.)

तू येऊ नकोस असा निरोप मीच बाबांकरवी पाठवला होता. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी हात बघितले, तर बोटं बारीक झालेली. पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. बाबा खुर्ची जवळ ओढून बसून राहिले. आवाज अजून नाकात अडकल्यासारखा येतो, पण खालचाच आहे. फोनवर परवा एकाने साहेब म्हणून शिवी दिली, बरं वाटलं.

नजर परत येते आहे. उजवी बाजू पुष्कळ सुधारली, डावी कड अजून पुसट आहे. ती तशीच राहील किंवा नाही, हे सांगता येत नाही म्हणतात. ऑगस्टमध्ये आला असतास तर, असं डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता म्हटलं. त्यांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही. त्या दुसऱ्या उपचारांची पहिली भेट पुढच्या महिन्यात आहे, त्याला घरचं कुणी सोबत हवं असं कळवलं आहे.

माफ केलं असं लिहायला बसलो होतो. लिहिलं नाही, कारण केलेलं नाही. मला खूप बोलायचंय आणि ते पत्रात मावत नाही. तू ये. समोर बस आणि ऐक. सोबत म्हणून कागदावर तुझं नाव घातलं आहे.

लोभाचं काय करायचं ते भेटीत ठरवू.

धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी निघतो. बाबांनी काल स्वतः माझ्याशी बोलून दुकानाची चावी मागून घेतली, म्हणजे मला रजा मंजूर आहे. तू बोलशील ते सगळं ऐकेन, मध्ये तोंड घालणार नाही. दवाखान्यात तुझ्या डाव्या बाजूला बसेन, तिकडचं तुझ्यासाठी मी बघेन.

एक मात्र आधीच कबूल करतो. उपचार सुरू होतील, तू मनासारखा होत जाशील, आणि तुला बघून मला पुन्हा हेवा वाटेल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण वाटेल त्या दिवशी तुझ्या तोंडावर सांगेन, आणि तुझं माप जे येईल तेच लिहीन.

दादा