कणादची गोधडी

राजाजीनगर,
४ ऑगस्ट २०२५
चि. उपेंद्र यास अ. उ. आ. वि. वि.
घरी मांजराचं पिल्लू आणल्याचं तुझ्या बायकोनं, हेमलतेनं कळवलं, तू नव्हेस. नाव म्हणे कणाद. कण वेचून जगणाऱ्या ऋषीचं नाव ठेवलंस, आता त्याला पोटभर तरी घाल. नव्या जिवाचं पहिलं पांघरूण जुनं असावं, म्हणून आईनं शिवलेली गोधडी पाठवते. अलीकडे अंगणातली मांजरं तीवर निजत. धुऊन, उन्हात घालून दिली आहे. लोभ आहेच, अधूनमधून कागदावरही दिसू दे.
तुझी अक्का

इलेक्ट्रॉनिक सिटी,
९ ऑगस्ट
ती. अक्कास सा. न. वि. वि.
अंगणातलं एक पिल्लू उलट्या होऊन गेलं, हे काल फोनवर सांगताना तू रडू लागलीस. मी फोन ठेवला तो रागानं नव्हे. कणाद तेव्हा गोधडीतच झोपला होता. त्याला उचलून थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाल्या, मांजरांचा पार्वो असू शकेल. तो विषाणू कापडात महिनोन्‌महिने टिकतो, ऊन-साबणाला जुमानत नाही. पहिली लस झाली होती, दुसरी लगेच टोचली. पण लागण आधीच झाली असली, तर लस मागे पडेल. स्वल्प वाट पाहा, म्हणाल्या. स्वल्प म्हणजे किती, हे कुठल्याच कोशात नाही.
गोधडी जाळा, नाहीतर ब्लीचमध्ये बुडवा, असंही सांगितलं. जाळायला हात धजेना. बुडवली. आईच्या लुगड्याचा निळा काठ डोळ्यांदेखत विरला.
सकाळपासून कणादनं अन्नाला तोंड लावलेलं नाही. प्रायोपवेशन शास्त्रानं थोरांना सांगितलं आहे, एवढ्याशा जिवाला नव्हे. तू स्वतःला बोल लावू नकोस. कृपादृष्टी असावी, मांजरावर जरा जास्त.
उपेंद्र

राजाजीनगर,
११ ऑगस्ट
चि. उपेंद्र यास आशीर्वाद.
खाल्लं का त्यानं? फोन करत नाही. तुझ्या आवाजातच उत्तर कळेल, ते सोसवणार नाही. गोधडीचं विचारत नाही. अंगणातल्या तिन्ही मांजरींना लस टोचून आणली. एकीनं ओरबाडलं, म्हणून मलाही टोचलं. माया पातळ करू नकोस.
अक्का

इलेक्ट्रॉनिक सिटी,
१८ ऑगस्ट
ती. अक्कास सा. न. वि. वि.
खाल्लं. आधी चमचाभर, मग हेमलतेच्या ताटातला बांगडा. ती मरगळ लसीचीच होती, असं डॉक्टरांचं मत. आज तपासून म्हणाल्या, धोका टळला. आता पुढची लस चुकवू नका.
गोधडी पांढरीफटक झाली आहे. कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा, ते आता ओळखू येत नाही. काल खिडकीत धरून पाहिली. आईचे टाके सगळे जागच्या जागी आहेत. लहानपणी हट्टानं तू घातलेले कोपऱ्यातले वाकडेही. कणाद नेमका त्याच कोपऱ्यात निजतो.
येऊन बघून जा.
तुझा उपेंद्र