सातवा गडी

३ नोव्हेंबर
वॉकओव्हर! मैदानावर आम्ही सहाच. सात नसले तर फुटबॉलचा सामना होत नाही. रेफरीनं समोरच्या कॉलेजला विजयी ठरवलं – बॉलला पायसुद्धा लागला नाही.

परतताना आमचे क्रीडाशिक्षक गुणवंतराव सर एवढंच म्हणाले, "मुबीन, आणखी एकदा असं झालं तं टीम बंद. प्रिन्सिपॉलनं सांगून ठेवलं आहे."

अब्बांनी दुकानातली कामं बाजूला ठेवून पंधरा जर्सी शिवल्या होत्या. मी कॅप्टन. कशाचा कॅप्टन?

६ नोव्हेंबर
पोरं आणू कुठून? धान पिकलंय आणि हत्ती आलेत. ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलाला लागून, तो रात्री राखण करतो, दिवसा कापतो. त्याला फुटबॉल कोणत्या तोंडानं सांगू?

८ नोव्हेंबर
चैतूच्या गावी गेलो. आमचा गोलकीपर. तो आला तर सात होतात. "धान सोडून कसा येऊ गा? हत्ती पहिले माह्याच बांधीत उतरतात." एक कोपरा तुडवलेला दिसत होताच. तरी मी हात जोडले. खरंच जोडले!

९ नोव्हेंबर
ही टीम गेली तर मला काय उरतं? दुकानात काज-बटण.

१० नोव्हेंबर
सुचलं! पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही सहा जण चैतूचं धान कापून टाकू. मग राखायचं काय? सर आधी हसले, मग म्हणाले, मीही येतो.

लालसूही तयार झाला – आमचा फॉरवर्ड. त्याची बांधी चैतूच्या धुऱ्यापलीकडेच. "माही बी उभीच आहे," म्हणाला. मी म्हटलं, सामना होऊ दे, दुसऱ्या दिवशी तुझीच. "बरं."

१२ नोव्हेंबर
हाताला फोड. मला विळा धरता येत नाही हे गावभर झालं. चैतूची आई मंगलीबाई म्हणाली, "टेलरभाऊचा पोरगा धान कापून राह्यला का काज करून राह्यला?" दिवस मावळायच्या आत बांधी रिकामी. वाळू न देताच भारे बांधून गावात नेले.

चैतू येतोय. या अल्लाह, उद्या फक्त सात असू देत.

१३ नोव्हेंबर
हरलो, १–५. आणि बसमध्ये असे नाचलो की ड्रायव्हर वैतागला. सात होतो! सामना झाला! टीम वाचली.

आमचा एक गोल लालसूचा. गोल करूनही हसला नाही. सकाळी बसस्टँडवर सगळ्यांत आधी तोच आला होता, बूट गळ्यात अडकवून. मी विचारलं होतं, "काऊन बे, तोंड पाडून बसला?"
"झोप नाई झाली."

१४ नोव्हेंबर
ठरल्याप्रमाणे विळे घेऊन लालसूकडे गेलो. कापायला काही नाही. परवा रात्रीच हत्ती चैतूच्या रिकाम्या बांधीतून सरळ त्याच्या धानात शिरले. काल सकाळी त्यानं सगळं पाहिलं, आणि मग बसस्टँडवर आला.

"सांगितलं काऊन नाई?"

"तुले सात पाहिजे होते."