दुसऱ्या कडव्यातला उशीर

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कुलपं बनवणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं असं म्हणायला माझा पुतण्या मागेपुढे पाहणार नाही. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. वकीलबाईंनी घरगुती मजकूर गाळायला सांगितला होता. तो गाळलेला नाही. त्यांना एवढी घाई कसली, हे मला अजून कळलेलं नाही.

कलम १. किल्ल्या कापायचं यंत्र आणि दुकानाचा गाळा पुतण्याला. गेल्या महिन्यात तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला आला आणि बोलता बोलता गाळ्याच्या भिंतीलगत पावलं मोजत होता. मोजलेलं वाया जाऊ नये. मात्र तिजोऱ्या उघडायची बारीक अवजारं त्याच्या हाती पडू नयेत. ती समोरच्या घड्याळजीला द्यावीत. चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. मला आधी त्याचाही संशय येत असे.

कलम २. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, माझ्या एकुलत्या मुलीला.

कलम ३. माझ्या दिवंगत पत्नीने लिहिलेलं दाराचं गीत, तिच्या हस्ताक्षरातल्या कागदासह, आमच्या चर्चच्या मंडळीला. अट एकच. दुसरं कडवं तिने लिहिलं तसंच गायचं:

बोटांवर माझ्या सुगंध, ओली मूठ कुलपाची,
उठले मी, पण उशिरा उठले, रिकामी पायरी दाराची.

मंडळीच्या चिटणिसांनी नव्या गीतपुस्तकात ‘उशिरा’ खोडून ‘तत्काळ’ छापलं. म्हणे, उपासनेत असं हताश गाणं बरं दिसत नाही. तत्काळ उठली असती तर पायरी रिकामी कशी राहिली, याचं उत्तर त्यांनी द्यावं. माझ्या अंत्यविधीला ‘उशिरा’ म्हणायची तयारी नसेल तर सरळ गप्प बसावं.

या ओळींबद्दल मी स्वतः अकरा वर्षं काय समजून होतो, तेही इथे लिहितो. लाज वाटते, पण लिहितो.

आमची मुलगी माझ्या मनाविरुद्ध एका ट्रकचालकाशी लग्न करून गेली. आठ महिन्यांनी, रविवारी सकाळी उपासनेआधी, दारावर थाप पडली. मी भोकातून पाहिलं. तीच होती, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो आणि कडी काढली नाही. पत्नी मागच्या खोलीत केसांना तेल लावत होती. “अहो, कोण आहे?” तिने विचारलं. “कोणी नाही, विक्रेता,” मी म्हणालो. पण आईला लेकीची थाप कळते. ती तशीच धावत आली. दाराला मी स्वतः घडवलेलं कुलूप होतं, त्याची मूठ दाबून धरल्याशिवाय किल्ली फिरत नसे. तिची तेलकट बोटं मुठीवरून घसरत राहिली. मी मदत केली नाही. दार उघडलं तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं.

महिन्याभरात तिने हे गीत लिहिलं आणि आमच्या ऑर्गनमास्तरांनी चाल लावली. सरावानंतर ती दोघं कोपऱ्यात हळू आवाजात बोलत, कागद इकडून तिकडे जात, मी दिसलो की बोलणं थांबे. मास्तर डोक्याला सुवासिक तेल चोपडतात. सुगंध, पायरी, उशिरा उठलेली बाई: मी हिशेब मांडून मोकळा झालो. त्या रविवारी काय घडलं हे मला ठाऊक असूनही परका पुरुष कल्पणं मला सोपं गेलं. दर रविवारी मी त्या कडव्याला तोंड मिटून उभा राहत असे.

पत्नी वारल्यावर तिचं बायबल हाती आलं. दोन ठिकाणी दोऱ्याच्या खुणा होत्या. ते घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो आणि दारातच विचारलं, “हा सुगंध कोणाचा?”

“बसा, दादा.”

“बसायला आलो नाही.”

त्यांनी पहिली खूण उघडली. गीतरत्न, पाचवा अध्याय. “प्रियकर दार ठोठावतो. ती म्हणते, पाय धुतलेत, आता पुन्हा कशाला मळवू? मग उठते, तेव्हा तिच्या बोटांवरून गंधरस कडीच्या मुठीवर ओघळतो. दार उघडते, तर तो निघून गेलेला. वहिनींना तिथे स्वतःचं दार दिसलं. सुगंध तुमच्याच घरातल्या तेलाचा आहे.”

“आणि ते कागद?”

ते आत गेले आणि एक रिकामं पाकीट घेऊन आले. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या मुलीचं नाव होतं. “तिची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. तुमच्या हाती पडली तर फाडाल, अशी वहिनींना भीती होती.”

फाडली असती. मी खाली बसलो.

दुसरी खूण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात होती. ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो, ती जागा. मी आजवर समजत होतो की ते दार न मानणाऱ्यांचं. मास्तर म्हणाले, “हे ख्रिस्ताने पाठवलेलं पत्र आहे, कोणाला लिहिलंय ते बघा. मंडळीला. आपल्याला काही कमी नाही म्हणून दार लावून आत बसलेल्या माणसांना. बाहेर उभा आहे तो त्यांचाच धनी.” मग वरच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, “आणि इथे लिहिलंय, किल्ली त्याच्याकडेच आहे. त्याने उघडलेलं कोणी लावू शकत नाही.”

“किल्ली असलेला माणूस ठोठावतो कशाला?” मी विचारलं. हा प्रश्न धंद्यातला होता.

“घर त्याचं असलं तरी आतल्या माणसाने उघडावं म्हणून,” मास्तर म्हणाले.

मास्तर खोटं बोलत असतील म्हणून मी घरी येऊन दोन्ही अध्याय तीनदा वाचले. खोटं सापडलं नाही.

कलम ४. राहतं घर, सामानसुमानासह, मुलीला. तिने मला क्षमा करावी, भेटावं किंवा अंत्यविधीला यावं, अशी कोणतीही अट नाही. तिच्या नवऱ्याबद्दल मला अजून खात्री नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

कलम ५. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा नियम आहे, म्हणून मास्तरांना साक्षीदार केलं आहे. मुलीचा पत्ता त्यांनी दिला, आणि अकरा वर्षांचा राग मी त्यांना आधीच देऊन टाकला. त्यांना द्यायला दुसरं काही उरलं नाही.

सही झाली की मी तिच्या गावाला निघणार आहे. आतून लावलेलं असलं तरी मला उघडता येणार नाही असं दार अजून कोणी बसवलेलं नाही. म्हणून अवजारांची पेटी दुकानात ठेवून जातो आहे. ठोठावेन आणि पायरीवर उभा राहीन. किती वेळ ते तिने ठरवावं.

सही: कुलूपवाले, एकुलत्या मुलीचे वडील
साक्षीदार १: ऑर्गनमास्तर
साक्षीदार २: शेजारच्या शिंपीणबाई (सही करण्यापूर्वी सगळं वाचून घेतलं, आणि रडल्या)
स्थळ: दुकानाची मागची खोली
तारीख: चौदा नोव्हेंबर, सकाळी दहा