वरचा पट्टा, खालचा पट्टा

११ जानेवारी
नऊ नंबरच्या खोलीत म्हातारा आलाय. टीबीचा संशय, वर दारू तुटल्यामुळे भ्रम. काल एका नर्सला चावला. आत जायचं तर एन-९५, गाऊन, सगळा साज. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तू जा, तू तर आमची पीपीई क्वीन." नव्यांना मीच शिकवते ना: आत माणूस मरो, मास्क बसल्याशिवाय दार उघडायचं नाही. टाळ्या पडतात.

१२ जाने.
थुंकी गिळवत नाही.
सलाइन बदलत होते. त्यानं मास्क ओरबाडला, तोंडावर खोकला, गाऊनचे मानेमागचे बंद धरून पिळले. ओढले की सुटायला हवेत. पण मी मारलेली निरगाठ, परकराच्या नाडीची. नागपूरची सवय, सुरगाठीवर भरवसा नाही. डोकं पलंगाच्या लोखंडावर. परत. परत.
काचेबाहेर डेनिस, माझ्याच क्लासमधली नवी नर्स, मास्क चढवतेय. वरचा पट्टा. खालचा पट्टा. नाकावर दाबलं. फुंकर मारून सील तपासलं. मी निळी पडतेय. मग आली, गाठ कात्रीनं कापली.
गुणी विद्यार्थिनी.

१३ जाने.
घरी. नवरोबा: "पोलिसात दे."
"कोणाला? म्हाताऱ्याला की डेनिसला?"
लेक फोनमधून मान वर न काढता: "मॉम, शी डिड व्हॉट यू टॉट हर." कार्टी माझ्यावरच गेलीय.

१७ जाने.
ड्यूटी. मानेवरचा वळ काळा-निळा. म्हाताऱ्याचा टीबी पक्का. माझी रक्ततपासणी आत्ता आणि परत काही आठवड्यांनी, तोवर बसा. डेनिसनं कॉफी आणली. "आर वी ओके?"
"नियम बरोबरच होता." कॉफी सिंकमध्ये ओतली. तिला दिसेल अशी.

१९ जाने.
म्हातारा 'शांत' म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्याचे बांधून ठेवलेले हात सोडवले. आत डेनिस, बाहेर मी. त्यानं तिचे केस धरून तोंड रेलिंगवर हाणलं. हाडाचा आवाज काचेतून आला. मास्क तिच्या गळ्यात.
मी वरचा पट्टा चढवला. ती माझ्याकडेच बघत होती. त्यानं परत हाणलं.
शिरले. त्याची बोटं उलटी वाकवून सोडवली. एक कडकन वाजलं. बरं वाटलं. हे फक्त या वहीत.
सिक्युरिटी आली तेव्हा डेनिस भिंतीला टेकलेली, नाक एका बाजूला. माझ्या हनुवटीखाली लोंबणारा पट्टा दाखवून म्हणाली, "सील चेक?"
हसता हसता तिच्या तोंडातून रक्त आलं. माझ्या गाऊनवर.

२० जाने.
दोघींच्या तपासण्या आता एकाच दिवशी.
दुपारी नव्यांचा क्लास. स्लाइड उघडून बसलेय. 'आत माणूस मरो' खोडलं. परत लिहिलं. परत