मेंढरांचं झालं, आता पोरीचं

आप्पा, तुमच्या मेंढरांना लस द्यायची, पण तुमच्या नातीला नाही, असं तुमच्या लेकानं ठरवलं होतं. तुमची लेक नर्स, वळसंगच्या बाजूला गावोगाव लसीचा डबा घेऊन फिरते, आणि सख्ख्या भावाचंच दार तिला बंद. डोकं फिरलं होतं माझं.

तुम्ही गेल्यावर कोरोना आला. माणसं किड्यामुंगीसारखी मेली, मग सुई आली. वरून रोज फोन, किती टोचले, किती राहिले. रेशनच्या रांगेत आधी सुई, मग गहू, असं लोकांना ऐकवलं गेलं. भावाबरोबर मेंढरं राखणारा त्याचा जोडीदार सुई घेतल्यावर काही दिवसांनी बसल्या जागी गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. त्याच्या घरी जाऊन आमच्या खात्यातलं कुणी चार शब्द बोललं नाही. तेव्हापासून भावाला सगळ्या सुया सारख्याच. पोरीची गोवराची लस त्यानं चुकवली. शेजारच्या वस्तीवर गोवर आला तरी हा आपला ढिम्म.

मागच्या महिन्यात लसीकरणाला गेले तर घराला कुलूप. पोरीला माझ्यापासून लपवायला भावजयीनं माळावर मेंढरांत नेलेलं. शहाणीच! पावसाआधी मेंढरांना टोचतात तो नेमका तोच दिवस. जाऊन बघते तर जनावरांचे डॉक्टर हजर, भाऊ एकेक मेंढी दोन पायांत धरतोय, टोचून झालेलीच्या पाठीवर भावजय तुमच्या पद्धतीनं गेरूचा पट्टा ओढतेय, आणि तिच्या कडेवर पोरगी. मला हसू आवरेना. डबा खाली ठेवून म्हणाले, "मेंढरांचं झालं की आता हिचं."

"न्हाय, आक्का," भाऊ म्हणाला. "मेंढरांचं येगळं. माजा जोडीदार कशानं गेला, त्ये सांग आदी."

"मला म्हाईत न्हाय. तुमाला कुणीतरी येऊन सांगाय पायजे हुतं, कुणी आलं न्हाय, त्ये चुकलंच. पन आपली मधली भैन कशानं गेली, त्ये मला म्हाईत हाय."

त्याला ठाऊकच नव्हतं, आप्पा. तो तेव्हा पाळण्यात होता, आणि तुम्ही पुन्हा तिचा विषय घरात काढू दिला नाहीत. मग मीच सांगितलं. बहिणीच्या अंगभर उठलेला गोवर, दाराला कडुलिंब, देवी आली म्हणून औषध बंद. ती गेली आणि तुम्ही याला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे निघालात. म्हातारी माणसं आडवी आली, देवी कोपंल म्हणाली. तुम्ही ओरडलात, "कोपू दे! माजं पोरगं मी टोचणार." तोच आवाज काढून मी माळावर ओरडले. मेंढरं बिचकली, डॉक्टरही बिचकले.

भावानं हातातली मेंढी सोडली. भावजयीनंच पोरीची बाही वर केली. "टोचा. पन हिला काय झालं तर तुमाला सोडणार न्हाय, आक्का."

"नगं सोडू," मी म्हणाले आणि टोचलं.

आठवड्यानं भावाचा फोन आला, अंग तापलंय. मी ठसक्यात सांगितलं, या लसीनं येतो थोडा ताप, पाणी पाज, उतरंल. फोन ठेवला आणि शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरून स्कूटी काढली, तडक त्याच्याकडे. वाटेत जेवढे देव आठवले तेवढ्यांना साकडं घातलं. पोरगी दारात बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. भावाला म्हणाले, इकडं काम होतं.

काही काम नव्हतं. हे त्याला कळता कामा नये, म्हणून हा कागद घरातच राहील. पुढच्या वेळी त्याच गावात तोच डबा घेऊन जाणार आहे, कुणी कुलपं लावोत नाहीतर माळावर जावोत. पण आप्पा, इतकी वर्षं आयांना "काही होत नाही" म्हणत आले. तरी त्या माझ्याकडे धास्तावल्या नजरेनं का बघतात, ते मला त्या दिवशी रस्त्यात कळलं.