नेच्यांसाठी ठेवलेलं पाणी

प्रिय कुमुद,

काल मी आत्यावर ओरडलो. म्हणून हे पत्र.

तुला खरं वाटणार नाही. मलाही अजून वाटत नाही. जिनं मला माढ्याला लहानाचं मोठं केलं, जिच्यासमोर मी या वयातही मान वर करून बोलत नाही, त्या आत्यावर ओरडलो, आणि तेही पाण्यावरून. शेजारच्या घरातला भांडी घासण्याचा आवाज थांबला, इतक्या मोठ्यानं. हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि असलं काही सांगायची सवय मला तुझ्याशिवाय कुणाजवळ नाही.

पण आधी तुझ्या नेच्यांचं सांगतो. तू तेच आधी विचारशील. दवाखान्यातही तेच विचारायचीस. कावीळ अंगभर चढलेली, पोटात घोटभर ताक टिकत नव्हतं, आणि मी आत शिरलो की तुझा पहिला प्रश्न, "कुंड्यांना पाणी घातलं का? नळाचं नाही ना घातलं?" पुण्याहून रजा टाकून आलेल्या मुलाची चौकशी त्यानंतर. माझी त्याच्याही नंतर. मी म्हणायचो, "घातलं, रांजणातलंच घातलं." मग तू डोळे मिटायचीस. शेवटी शेवटी तर एवढंच म्हणालीस, "पाऊस येईपर्यंत तेवढे सांभाळा." माणसं जाताना काय काय मागे ठेवून जातात. तू मला हे काम ठेवून गेलीस.

तीन जगलेत. बाकीचे गेले. मधल्या खोलीतल्या फळीवर त्यांच्या रिकाम्या कुंड्या तशाच आहेत.

तू गेल्यापासून मला काही होत नाही, कुमुद. दुःख होतं असंही म्हणवत नाही. जेवतो, दाढी करतो, गिरणीत जाऊन हजेरीचे कागद बघतो. समाचाराला बायका आल्या की पदर डोळ्याला लावून माझ्याकडे बघायच्या आणि मी विचारायचो, पंखा लावू का. रडू येईल म्हणून मी वाट पाहिली, एसटीची पाहतात तशी. मग वाट पाहायचंही सोडून दिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, पुण्याला चला." मी म्हणालो, "कुंड्या आहेत." तो माझ्याकडे बघतच राहिला. बापाचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असावं.

मला त्या महाबळेश्वरच्या सहलीचा दिवस आठवतो. सगळ्या बायका मध आणि चपला घेत होत्या, आणि तू रस्त्याकडेच्या ओल्या भिंतीला नाक लावून उभी. परतताना पिशवीत काय, तर माझ्या पंच्यात गुंडाळलेलं शेवाळ आणि त्यातून डोकावणारी चार हिरवी पानं. मी सगळ्यांसमोर हसलो होतो. सोलापुरात माणूस उन्हानं वाळतो, तिथं हिचं हे डोंगरातलं गवत जगणार म्हणे. तू काही बोलली नाहीस. तुझं न बोलणं मला नेहमीच महागात पडलं.

घरी आल्यावर सगळ्यांनी सल्ले दिले. अंगणात ठेवा, ऊन मिळू द्या. तू मात्र त्यांना मधल्या खोलीत नेलंस, जिथं भर दुपारी वर्तमानपत्र वाचायला दिवा लावावा लागतो. उत्तरेची ती हातभर खिडकी, तिला ओलं गोणपाट टांगलेलं. परातीत खडे, खड्यांत पाणी, आणि कुंडी पाण्यात बुडणार नाही अशी खड्यांवर. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तू म्हणालीस, "तुम्हीच की. विणकाम खात्यात हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून पाण्याचा फवारा सोडतात, असं तुम्हीच सांगता ना? यांचंही सूतच आहे, नाजूक." टाइम ऑफिसात इतकी वर्षं बसून माझ्या कधी डोक्यात आलं नसतं.

आणि ती गुलाबदाणी! आपल्या लग्नातली, चांदीची. दर संध्याकाळी तू तिनं नेच्यांवर पाणी शिंपडायचीस. घरात आलेल्या पाहुण्यांना कधी गुलाबपाणी मिळालं नाही, नेच्यांना मात्र रोज मान. त्यांच्याशी तू कानडीत बोलायचीस, तुझ्या अक्कलकोटच्या माहेरच्या कानडीत. माझ्याशी मराठीत. मला कायम वाटायचं, माझ्या चहाड्या सांगतेस.

एक तक्रार करू का? शेजारणींना तू सगळं शिकवलंस. कुजलेला पाला किती, विटेचा चुरा किती, कोळसा किती. पानामागचे तपकिरी ठिपके बघून कुणी "कीड लागली" म्हणालं की त्यांना समजावायचीस, कीड नव्हे, ते त्याचं बी आहे, पुसू नका. मला काही सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही, हे खरं. पण तुला ठाऊक होतं ना, मी न विचारणारा माणूस आहे ते?

पाण्याचं तेवढं मला माहीत होतं, कारण ते न कळून चालण्यासारखं नव्हतं. आपल्या नळाच्या पाण्यानं कुंडीच्या काठाला पांढरा खार चढतो आणि पानांची टोकं जळतात. म्हणून तू पावसाळाभर पत्र्याच्या पन्हाळीखाली बसून ते दोन रांजण भरायचीस. तोंडाला फडकं, फडक्यावर लाकडी झाकण, झाकणावर दगड. पुढच्या पावसापर्यंत तेच पाणी, तांब्यातांब्यानं. दुष्काळाच्या साली रांजण कोरडे पडले, तेव्हा टँकरच्या गोड्या पाण्याची आपली आंघोळीची बादली अर्धी करून तू दोन कुंड्या जगवल्यास. टँकरच्या रांगेत बायका म्हणायच्या, "मानसाला पानी न्हाय आन् ही गवताला पाजतीया." तू त्यांना म्हणालीस, "माझ्या वाटणीचं पाजते. तुमचं न्हाय की." त्या दोन कुंड्यांपासून तू पुन्हा फळी भरलीस.

आता त्या दिवसाचं.

आम्ही स्मशानातून परत आलो तर घरासमोर पाणीच पाणी. आत्या आणि बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाकलं होतं. हंडे, कळशा, न्हाणीतलं पिंप. आणि मागच्या अंगणातले दोन्ही रांजण. माणूस गेलेल्या घरातलं पाणी ठेवत नाहीत, आपल्याकडे कुणीच ठेवत नाही, त्यात आत्याचं काय चुकलं? रांजण आडवे पडले होते. पाणी बोळातून वाहत गटाराला मिळालं होतं. मी त्यातून चालत आलो. ते कसलं पाणी आहे हे मला कळलं होतं. वाटलं मात्र काहीच नाही. पाय ओले झाले, एवढंच.

चैत्र होता. पावसाला अजून केवढा अवकाश. तुला जायला दुसरा महिना मिळाला नाही का?

पहिले काही दिवस मी नळाचं पाणी उकळून गार करून घातलं. काही उपयोग झाला नाही. टोकं तपकिरी झाली, मग पानं, मग देठ. लांब पानांचे आधी गेले. मी दर सकाळी उठून वाळलेलं पान मुळाशी कापायचो आणि कागदात गुंडाळून ठेवायचो. का ठेवायचो, विचारू नकोस.

मग एक दिवस गिरणीत बॉयलरजवळून जाताना ते लक्षात आलं. वाफ गार होऊन नळीतून थेंबथेंब पाणी गळत होतं. वाफेचं पाणी, म्हणजे त्यात खार नाही. मी बॉयलरवरच्या गफूरला विचारलं, हे नेऊ का? तो म्हणाला, "न्या की साहेब, पर पिऊ नका. चवच न्हाय त्याला." मी म्हणालो, मला नको आहे, बायकोला हवंय. तू गेलीस हे त्याला माहीत होतं. त्यानं डबा स्वतः विसळून भरून दिला.

फाटकावर पहारेकऱ्यानं सायकल अडवली. डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं.

"पानी हाय की, साहेब."

"हो."

"गिरणीतनं लोक सूत चोरत्यात, कापड चोरत्यात. तुमी पानी नेताय?"

"हो."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि झाकण लावून दिलं. त्यानंतर कधी अडवलं नाही. रोज एक डबा, सायकलच्या हँडलला. त्या पाण्यावर तिघं तगले. त्यातला एक तुझा हंसराज, काळ्या केसासारख्या देठांचा. तोच आधी जाईल असं मला वाटलं होतं. मी कडेकडेनं पाणी घालतो, मध्यावर नाही. गुलाबदाणीही वापरतो. कानडी मला येत नाही, त्यामुळे गप्प बसतो.

काल आत्या आली, तुला जाऊन महिना भरला म्हणून. भर दुपारी, स्टँडवरून चालत. मी जेवायला घरी आलो होतो, डबा मागच्या दारात ठेवून हातपाय धुवायला गेलो. परत येतो तर आत्या दारात उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत, आणि डब्यातलं पाणी पायांवर ओततेय. उन्हातून आलेलं माणूस दुसरं काय करणार?

मी ओरडलो. "ते कुमुदचं पाणी आहे!" मग थांबताच येईना. रांजणांचं निघालं. कुणाला विचारलंत, म्हणालो. दोन पावसाळे बसून भरलं होतं तिनं, म्हणालो. एकाच पावसाळ्याचं होतं, पण मी दोन म्हणालो. तुम्ही तिला दोनदा मारलंत, असंही म्हणालो. ते ऐकायला तू हवी होतीस, आणि तू असतीस तर मला गप्प केलं असतंस.

आत्या तशीच उभी. पायाखालचं पाणी उंबऱ्याकडून बाहेर चाललं होतं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठावं होतं?"

"रांजणात पावसाचं हाय ते. तिनंच दावलं हुतं मला गेल्या दिवाळीला. आत्याबाई, ह्याला हात लावू नका म्हनली." लुगडं सोडून तिनं पदर नीट केला. "पर दत्तू, ती गेल्यावर तिचं भरल्यालं पानी माज्यानं बघवंना. झाकान उघडलं तर आतलं पानी लई निवळ. आता येईल आन् तांब्या बुडवंल, असं. म्या वतलं. रीतीचं नाव फुडं केलं."

ती जवळ आली. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागते.

"वरड," म्हणाली. "वरड की अजून. सुतकात तुजं तोंड बघितलं आन् मी माढ्याला जाऊन सांगितलं, आमी दोघास्नी पोचवून आलो."

तिथं दारात, ओल्या फरशीवर मी खाली बसलो. रडलो का, विचारशील. रडलो. फार नाही. आत्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडता रडता मला दिसत होतं की डब्याच्या तळाशी अजून थोडं पाणी आहे. उठून मी ते हंसराजाला घातलं. आत्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कडंनं घालायचं व्हय?" मी म्हणालो, "हो, कडेनं." मग आम्ही जेवलो.

आज पुन्हा सगळं बरंचसं होतं तसंच आहे. एका रडण्यानं माणूस मोकळा होतो म्हणतात, ते काही खरं नाही. पण सकाळी आत्या गेल्यावर घर रिकामं वाटलं. काही वाटलं, म्हणून तुला कळवलं.

वचन म्हणशील तर एक देतो. आभाळ भरून यायच्या आधी दोन्ही रांजण घासून उभे करीन, पन्हाळीखाली मी स्वतः बसेन, फडकं बांधून झाकणावर दगड ठेवीन. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी गेलो की कुणीतरी ते ओतून टाकील, कुमुद. टाकू दे. मी रागावणार नाही. तोवर दोन्ही भरलेले असतील.

तुझा,
दत्ता
(तू हे नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाहीस. आता घेतलंस तरी चालेल.)